धवलारीण गप्प झाली

वाकणपाड्यात लग्न ठरलं की पहिला फोन हॉलवाल्याला जात नाही, शेवंतीबाईला जातो. डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला, चारी बाजूंनी टॉवर उठलेत त्यांच्या मधोमध हे गाव अजून ठाण मांडून बसलंय. भातशेती गेली, मिठागरं गेली, जिथे चिंबोऱ्या धरायच्या तिथे आता क्लबहाऊस आहे; पण आगऱ्याच्या घरात हळद लागायची तर धवले पाहिजेतच. धवले म्हणजे लग्नाची गाणी, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली, आणि ती म्हणत सगळे विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तरी चालतं. एकदा तर तो शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आलाच नाही, तरी लग्न लागलं. धवलारीण नसेल तर मात्र नवरीची आई मांडवात पाऊल ठेवायची नाही.

तर ही शेवंती सहदेव मढवी. वय छप्पन्न, हाडापेरानं मजबूत, केस एवढे दाट की अंबाड्याला आकडे पुरायचे नाहीत, आणि आवाज असा की डीजेवाला आपण होऊन बटण बंद करायचा. तोंडाची महाफटकळ. एका लग्नात नवरदेव टाइट होऊन हळदीला बसला, तर हिनं गाणं अर्ध्यात तोडलं आणि भर मांडवात म्हणाली, "आधी तोंड धुऊन ये रे बाबा. मी देवांना बोलवतेय हितं, तुझ्या वासानं परत जातील ते." गेला बिचारा, धुऊन आला, आणि मग हळद लागली. त्याची बायको आजही शेवंतीच्या पाया पडते.

देवांना बोलवणं हेच तिचं खरं काम. लग्नाच्या सुरुवातीला धवलारीण एकेकाचं नाव घेऊन आवतण देते. गावदेवीला, खाडीवरच्या देवाला, बांधावरच्या राखणदाराला, त्या घरातल्या मेलेल्या माणसांना. त्यांना काही पत्रिका जात नाही, व्हॉट्सॲप जात नाही. धवलारणीच्या गळ्यातून जे जाईल तेच. शेवंतीनं तीस वर्षं ते आवतण दिलं, आणि ज्या घरी दिलं त्या घरच्या म्हाताऱ्या शपथेवर सांगायच्या की आज आमचे सासरे मांडवात येऊन बसले होते.

तिच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नातही तीच गायली. सून रसिका ठाण्याची, टेंभी नाक्याजवळची. आता आपल्याकडे "ह्याला ठाण्याला न्या" म्हटलं की त्याचा अर्थ काय, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तिथलं वेड्यांचं इस्पितळ जुनं, आणि ही थट्टा त्याहून जुनी. शेवंतीनं ती भर हळदीत गाण्यात गुंफली. ठाण्याहून सून आणली, कुठल्या वॉर्डातून सोडवून आणली, असं काहीतरी. सगळा मांडव हसला. रसिकाही हसली, ती तशी दिलदार पोरगी.

आणि मग गेल्या वैशाखात, शेजारच्या घरच्या हळदीला, शेवंती देवांना बोलवता बोलवता थांबली.

विसरली नव्हती. शब्द सगळे जिभेवर होते. पण तिला अचानक असं वाटलं की आपण ज्या दिशेला हाका मारतोय तिकडे कुणीच नाही, आणि हाक मारणारीही कुणी नाही. ती बसली तशी उठली, चप्पल शोधली आणि घरी निघून गेली. बायकांना वाटलं घसा बसला. कुणी आलं-गूळ पाठवला, कुणी हळदीचं दूध. तिनं दोन्हीला हात लावला नाही. त्या दिवसापासून ती बोलायची बंद झाली.

आधी गाणं गेलं, मग बोलणं गेलं, मग भूक. पहाटे चारला जाग यायची आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. दिवस उजाडला की भिंतीकडे तोंड करून पडायची ती अंधार होईपर्यंत. आंघोळ हे एवढं मोठं काम असतं हे तिला पहिल्यांदा कळलं. नातू येऊन गळ्यात पडला तरी आत काही हलायचं नाही, आणि हलत नाही याचीच तिला भयंकर लाज वाटायची.

कारण काय? अख्खं गाव कारण शोधत होतं. "तुला कमी काय हाय?" नवरा सहदेव पलंगाशी बसून विचारायचा, आणि माणूस वाईट नव्हता हो, रडवेला होऊन विचारायचा. चार मजली घर, खाली भाडेकरू, मुलगा नोकरीला, सून गुणाची, गळ्यात सोनं. सगळं खरं होतं. शेवंतीलाही ते दिसत होतं. कारण असतं तर बरं झालं असतं, निदान बोट दाखवता आलं असतं. आषाढात एका दुपारी ती गच्चीवर गेली आणि कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत उभी राहिली. मग वाळत घातलेल्या चादरी पावसात भिजायला लागल्या म्हणून रसिका धावत वर आली, आणि शेवंती तिच्या मागोमाग खाली उतरली. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

रसिका एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिनं पहिल्याच महिन्यात सांगितलेलं, "बाबा, हे डिप्रेशन आहे. डॉक्टरला दाखवूया. ठाण्याला चांगली ओपीडी आहे, माझ्या ओळखीच्या सिस्टर आहेत."

"ठाण्याला?" सहदेव उडालाच. "अगं, गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील का नाय? मढव्यांची धवलारीण ठाण्याला!"

झालं. विषय संपला.

या सगळ्यात शेवंतीच्या डोक्याला फणी लागली नव्हती. एवढे दाट केस, त्यात दिवसरात्र उशीवर घासले जाणारे. श्रावण लागेपर्यंत मानेमागे केसांचा एक गठ्ठा झाला, मुठीएवढा, कडक. रसिका रोज तेलाची वाटी आणि फणी घेऊन बसायची. "आई, दहा मिनिटं बसा ना." शेवंती मान हलवायची, उद्या.

तळमजल्यावर महानंदाबाई नावाची भाडेकरीण राहायची, सोलापूरकडची. पोळीभाजीचे डबे करायची, सोबत एक चोवीस वर्षांची मुलगी, पायल. एक दिवस ती भाडं द्यायला वर आली, तिनं शेवंतीचं डोकं पाहिलं आणि दारातच हात जोडून खाली बसली. "अगं बया! बाईंना जट आलीया!"

आता इथे नीट ऐका, कारण घोळ इथेच झाला. आपल्या आगऱ्यांत जटेबिटेचं काही नाही. ती घाटावरची समजूत. केसांत गुंता झाला की देवीनं खूण केली, मग त्याला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच नाही. आणि घाटावर धवलारीण नाही. पण एका जिन्यावर दोन मुलखांची माणसं राहायला लागली की एकाची अर्धी समजूत दुसऱ्याच्या अर्ध्या समजुतीला जाऊन चिकटते. महानंदाबाईनं जट पाहिली. ते ऐकून सहदेवचा थोरला भाऊ धाकू तडक उठला. हा धाकू म्हणजे गावच्या नवरात्र मंडळाचा अध्यक्ष, पांढऱ्या कडक कपड्यातला, माईक हातात आला की न सोडणारा. तो शेवंतीच्या पलंगासमोर उभा राहिला, एकदा जटेकडे बघितलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अरे, तीस वर्षं ही आईला बोलवते! येते नि जाते, येते नि जाते. आता आई आली आन राह्यली!"

आणि काय सांगू, सगळं कसं फटाफट जुळलं. जेवत नाही? उपास. बोलत नाही? मौन. कुणाकडे बघत नाही? नजर आत वळली. सहदेवच्या डोक्यावरून तर डोंगर उतरला. वेडी बायको घरात असणं आणि देवी घरात असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक. त्यानं त्याच दिवशी पलंगाजवळ समई लावली. रसिका तेलाची वाटी घेऊन आली तर धाकू गरजला, "खबरदार केसाला हात लावशील तं!"

गाव यायला लागलं. आधी गल्लीतल्या बायका, मग टॉवरमधल्या मॅडम. नारळ, ओट्या, अगरबत्त्या. शेवंती भिंतीला टेकून बसायची आणि तिच्या पायांवर डोकी टेकली जायची. तिला त्यांचा राग यायचा नाही, दया यायची नाही, काहीच यायचं नाही. एक दिवस रसिकानं दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "आई, मला एकच सांगा. तुम्हांला खरंच काही दिसतं का? देवी बोलते तुमच्याशी?"

शेवंती गप्प राहिली. आणि हे तिच्या बाजूनं कितीही बोलायचं म्हटलं तरी लपवता येणार नाही: त्या गप्प राहण्यात आजार होता, तशी थोडी लबाडीही होती. नाही म्हणायला ताकद लागते, ती तिच्याकडे नव्हती, हे खरं. पण वेडी म्हणवून घेण्यापेक्षा देवी म्हणवून घेणं सोपं पडतं, हेही तिला आतून चांगलं कळत होतं. देवीला कुणी "काय कमी आहे तुला" असं विचारत नाही. रसिका उठून गेली तेव्हा शेवंतीला स्वतःची किळस आली, आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली.

नवरात्र आलं. धाकूनं नाक्यावर फ्लेक्स लावला. वर गावदेवी, खाली शेवंतीचा जटा सोडलेला फोटो, कोपऱ्यात हात जोडलेले चार भावी नगरसेवक. मंडपात देवीच्या मूर्तीशेजारी लाल मखमलीची खुर्ची मांडली. हिरवं नऊवार नेसवून शेवंतीला रोज संध्याकाळी तिच्यावर आणून बसवायचे. अष्टमीपर्यंत लाइन रस्त्याला लागली.

अष्टमीला दिवेलागणीला लाइनीतून महानंदाबाई पुढे आली. एका हातानं पायलला धरून ओढत होती. पायल पूर्वी कशी होती हे सगळ्या बिल्डिंगला माहीत. मोबाईलच्या दुकानात कामाला, जिन्यावरून गुणगुणत उतरणारी. आता चेहरा राखेसारखा, केस विस्कटलेले, नजर जमिनीवर. शेवंतीनं तिला दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी दिसलं नसतं म्हणा.

"आई, पोरगी जेवंना झालीया," महानंदाबाई म्हणाली. "बोलंना, कामावर जाईना. समदं तुमच्यावानीच झालंय. डॉक्टरनं गोळ्या दिल्या हुत्या, म्या बंद केल्या. म्हनलं आईचं वारं असंल तर गोळ्यानं कोप हुईल. आन परवा..." इथे तिचा आवाज बारीक झाला, पण डोळे चमकत होते. "परवा गच्चीवर कठड्याला धरून हुबी हुती, खाली बघत. आई तिला बोलावतीया का? तेवढं सांगा."

शेवंतीनं पायलकडे बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं कुणाकडे तरी बघितलं असेल. त्या पोरीच्या डोळ्यांत काय आहे हे तिला सांगावं लागलं नाही. पहाटे चारचा तो पाटा तिनं ओळखला. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. या पोरीच्या गोळ्या महानंदानं बंद केल्या नव्हत्या. त्या शेवंतीनं बंद केल्या होत्या, या खुर्चीवर गप्प बसून. आणखी एक दिवस ती अशीच गप्प बसली असती तर पोरगी पुन्हा गच्चीवर गेली असती, आणि महानंदानंच तिला हळदकुंकू लावून पाठवलं असतं.

"नाय," शेवंती म्हणाली.

आवाज कुठला तो, गंजलेल्या कडीचा असावा तसा. पण लाइनीतल्या पुढच्या माणसांना ऐकू गेला. डीजेवाल्यानं सवयीनं बटण बंद केलं. तिनं हात पुढे करून धाकूच्या हातातला माईक घेतला, आणि तो माणूस एवढा चकित झाला की त्यानं तो सोडला.

"ती कोणाला कठड्यावरून बोलवत नाय," शेवंती म्हणाली. "मी पन तिथं उभी व्हते. आषाढात. तिथं देवी नाय, कोन नाय. मी देवी नाय. मी आजारी हाय. ही पोर पन आजारी हाय."

पलंगाशेजारी समई लावणारा सहदेव तोंडावर हात ठेवून उभा. धाकूला तेवढ्यात भान आलं. तो मोठ्यानं म्हणाला, "आई आपली परीक्षा बघते! बोला अंबे माते की..."

"भावजी, बसा खाली," शेवंती म्हणाली.

आणि अध्यक्ष बसले. हसायची हिंमत कुणाची नव्हती, पण ती जुनी शेवंती होती, टाइट नवरदेवाला तोंड धुवायला पाठवणारी, आणि ते सगळ्यांनी ओळखलं.

"रसिके, कात्री आन."

मंडपात हार करणाऱ्या बाईची कात्री होती. रसिकानं ती उचलली. बायका ओरडल्या, नको गं, कोप होईल, पोरंबाळं आहेत तुला. रसिका सासूच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं एकदा विचारलं, "आई, कापू?" शेवंतीनं मान पुढे वाकवली. ती जट एका फटक्यात तुटली नाही, चांगली चार-पाच मिनिटं कुरतडावी लागली, आणि तेवढा वेळ पाचशे माणसं श्वास धरून उभी होती. कुणाला काही झालं नाही. केसांचा गठ्ठा खाली पडला आणि शेवंतीनं मान दोन्हीकडे हलवून बघितली. मग माईक पुन्हा तोंडाशी धरला.

"मना ठाण्याला न्या," ती म्हणाली. "उद्याच न्या. आन हिला पन माझ्यासंगती."

ज्या गावात हे वाक्य शंभर वर्षं फक्त हसायला वापरलं गेलं, त्या गावात ते एका बाईनं स्वतःसाठी, माईकवरून, अष्टमीच्या मंडपात म्हटलं. कुणी हसलं नाही. वाकणपाड्यानं मैदानं मारली, हंड्या फोडल्या, पोरं पोलिसात भरती झाली, सगळ्याचा अभिमान आहेच. पण त्या एका वाक्याला जेवढं काळीज लागलं तेवढं यातल्या कशालाच लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला सुट्टी, म्हणून दसऱ्यानंतर पहिल्या सोमवारी सहदेवनं गाडी काढली. पुढे महानंदाबाई, मागे रसिकाच्या दोन बाजूंना शेवंती आणि पायल. तिथली डॉक्टर पस्तिशीची असेल. तिनं दोघींना वेगवेगळं बसवून ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की दोन-चार दिवसांत जादू होणार नाही, तीन-चार आठवडे लागतील, मध्येच बंद करायच्या नाहीत. महानंदाबाईनं तिलाही नमस्कार केला. सवय.

जादू झालीच नाही. उलट किंमत मोजावी लागली. तुळशीच्या लग्नानंतरची शेवंतीची हळदीची बोलावणी रद्द झाली. देवीची जट कापलेली धवलारीण मांडवात नको म्हणे. फ्लेक्स उतरला. नाक्यावरची पोरं धाकूला बघून "बसा खाली" म्हणायची आणि पळायची. धाकूनं भावाच्या घराची पायरी सोडली. शेवंती अजून बराच वेळ पडूनच असायची. फक्त आता भिंतीकडे तोंड नसायचं, दाराकडे असायचं, कारण रोज संध्याकाळी पायल वर यायची. दोघी बोलायच्या नाहीत फारशा. गोळी घेतली? घेतली. झोप? थोडी. एवढंच, आणि मग तासभर शेजारी शेजारी बसणं.

दिवाळीनंतर एका दुपारी शेवंतीनं बोंबलाच्या कालवणाचा पहिला घास घेतला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडली, "रसिके, मीठ इसरलंस का गं!" रसिका ओट्यापाशी उभी राहून हुंदके देऊन रडली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच सासूला चव कळली होती. सहदेवनं धावत जाऊन मिठाचं अख्खं डबडं आणलं.

दुःख माणसाला शहाणं करतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आधी पाच महिने भिंतीकडे तोंड करून निजवावं आणि मग विचारावं. शेवंती असलं काही म्हणत नव्हती. पण तिच्यात काहीतरी बदललं होतं, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. ती सकाळी गावदेवीसमोर जायची, हात जोडायची आणि काहीही न मागता, काहीही न म्हणता उभी राहायची. पूर्वी तिला देवीशी सतत बोलावं लागायचं. आता लागत नव्हतं.

तिसऱ्या तपासणीला त्या ठाण्याला गेल्या तेव्हा सहदेव गोळ्यांच्या रांगेत होता, पायल डॉक्टरच्या खोलीत आणि महानंदाबाई खोलीच्या दाराशी. शेवंती बाकावर, शेजारी रसिका. कॉरिडॉर भरलेला होता, आणि आपलीच माणसं किती असतात तिथे! रुमालानं तोंड झाकलेली, ओळखीचं कुणी दिसलं की भिंतीवरचे बोर्ड वाचणारी. तेवढ्यात पांढऱ्या कडक कपड्यातला एक माणूस जिना चढून आला, इकडेतिकडे बघत. धाकू. दीड महिन्यात त्याचं वजन उतरलं होतं. तो आला आणि बाकाच्या टोकाला टेकला. बराच वेळ त्यानं आपल्या बोटातली अंगठी फिरवली.

"शेवंते," तो शेवटी म्हणाला, मान खाली. "एक सांग. खोटं नको सांगू. आई आलीच नव्हती का?"

शेवंतीनं घाई केली नाही. या माणसाची गावात शोभा झाली होती ती आपल्यामुळे, हे तिला ठाऊक होतं, आणि तो हसायला आला नव्हता हेही.

"भावजी, तुमी सगळे माझ्या पायावर डोकी टेकवत होतात ना, तवा माझ्यात कोन नव्हतं," ती म्हणाली. "रिकामं घर. मी तिला हाका मारून मारून थकले, नाय आली. पन अष्टमीला ती पोर समोर उभी राह्यली, आन मना दिसलं की हिचं दुखणं नि माझं दुखणं एकच हाय. मना पान्याचा तांब्या उचलायचं बळ नव्हतं, भावजी. पाचशे मान्सांसमोर बोलायचं कुठून आलं? तवा जी बोलली ती आई नव्हती, तं कोन व्हती?"

"मंजे दुखणं आईनंच दिलं म्हनायचं."

"नाय हो. दुखणं ते दुखणं. गोळीनं बरं व्हतं. पन त्यानं माझा सगळा तोरा काढून घेतला. पयलेची शेवंती असते ना, तं त्या पोरीला गान्यात घालून हसले असते. हिला हसले व्हते की." तिनं रसिकाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझं घर रिकामं झालं, तवाच ती पोर आत आली. मना एवढंच कळतं."

धाकूनं डोळे पुसले. उघडपणे, खिशातला रुमाल काढून. त्याची पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यानं गावासमोर एकदाही डोळ्याला रुमाल लावला नव्हता.

दार उघडून पायल बाहेर आली. मागून मदतनिसानं हाक मारली, "शेवंती सहदेव मढवी! पेशंटसोबत कोण आहे?"

रसिका उठायला लागली. धाकू तिच्या आधी उठला.

"मी हाय," तो म्हणाला. अर्ध्या कॉरिडॉरनं वळून पाहिलं. समोरच्या बाकावर गावाकडच्याच एका ओळखीच्या माणसानं झटकन रुमाल नाकापर्यंत ओढला. धाकूनं त्याच्याकडे बघून नमस्कार केला, चांगला दोन्ही हात जोडून.

"नातं काय?" मदतनीस कागदावर पेन टेकवून विचारत होता.

"ही आमच्या वाकणपाड्याची धवलारीण," धाकू म्हणाला, मंडपात बोलायचा त्याच आवाजात, माईकशिवाय. "माझी भावजय. मी तिच्यासंगती आलोय."

"काका, हळू बोला."

"हळू कशाला?" धाकू म्हणाला.